अकरा वाजता धरायची तलवार

तलवारीची मूठ लोकांना एक वस्तू वाटते. ती एक नसते. हाताच्या पुढे आडवी येते ती परज, हातात येतो तो लाकडी दांडा, त्यावर गुंडाळलेलं चामडं आणि मागच्या टोकाला लोखंडी गोळा. हे सगळं पात्याच्या मागच्या निमुळत्या भागावर मण्यांसारखं ओवलेलं असतं. त्या भागाला आम्ही शेपूट म्हणतो. शेपूट सगळ्यांतून आरपार जातं आणि गोळ्याच्या पलीकडे जरासं बाहेर येतं. तिथे त्याला अडवायचं. नट बसवून अडवा, आडवी खीळ मारून अडवा, नाहीतर मी करते तसं करा: टोक लाल होईस्तोवर तापवायचं आणि ठोकून ठोकून खिळ्याच्या डोक्यासारखं पसरवायचं. एकदा पसरलं की ती मूठ कुणाच्या बापाला उतरवता येत नाही.

बावीस वर्षं मी हेच करते आहे. नाटकवाले, सिनेमावाले, भिंतीवर तलवार टांगून पाहुण्यांवर छाप पाडणारे, या सगळ्यांच्या नकली तलवारी आमच्या शेडमधून जातात. पाती नवरा घासतो, मुठी मी बसवते. मूठ बसली की तलवार कानाशी धरायची आणि पात्यावर टिचकी मारायची. पातं गुणगुणलं पाहिजे. मुठीतून जरा जरी 'टक' आलं तरी ती सैल, पुन्हा भट्टीकडे. या सवयीवरून शेडमध्ये मला सगळे 'टकटकबाई' म्हणतात. मला राग येत नाही. सैल मुठीची तलवार फिरवताना पातं सुटून समोरच्याच्या पोटात गेल्याचं मी एकदा पाहिलेलं आहे. ती मूठ माझ्या हातची नव्हती, एवढंच समाधान.

संग्रहालयाच्या बाईंचा फोन आला तेव्हा मला वाटलं, नेहमीसारखंच काम. त्यांच्या वरच्या दालनातली एक जुनी तलवार वर्षभरासाठी दुसऱ्या संग्रहालयाला द्यायची होती. तोपर्यंत काचेच्या पेटीत हुबेहूब प्रतिकृती ठेवायची. मूळ तलवार इमारतीबाहेर नेता येणार नाही, तुम्हीच या, असं त्या म्हणाल्या. मी जाडी मोजायचा व्हर्निअर, फटी मोजायच्या पत्त्या, लोहचुंबक आणि हत्यारांचा डबा घेऊन गेले.

संग्रहालय म्हणजे जुनी दुमजली इमारत होती. खाली नाणी आणि भांडी, वर शस्त्रं. वरच्या दालनाच्या मागे एक छोटी खोली होती, तिथे टेबलावर कापड पसरून बाईंनी मला बसवलं. बाई चाळिशीतल्या, बारीक, सतत चष्मा सारखा करणाऱ्या. तलवार घेऊन आले ते दालनाचे शिपाईकाका. उंच, नीटनेटके, महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. त्यांनी तलवार दोन्ही तळहातांवर नाही आणली. डाव्या हातात आणली. उजवा हात छातीशी होता, बोटं अर्धवट मिटलेली, जणू पेला धरलाय आणि पेला कुणीतरी काढून घेतलाय.

"संधिवात," माझी नजर पाहून ते म्हणाले.

मी पहिल्यांदा गोळा उलटा करून पाहिला. गोळ्यावर काहीच नव्हतं. शेपटाचं टोक नाही, पसरवलेलं डोकं नाही, नट नाही. दांड्यावर कुठे खीळ नाही. चामड्यावरून नख फिरवलं, भिंग लावून बघितलं. गोळा आणि दांडा यांच्यातल्या फटीत सर्वांत पातळ पत्तीही जाईना. कानाशी धरून टिचकी मारली. पातं गायलं, स्वच्छ आणि लांब. बावीस वर्षांत इतकी घट्ट मूठ मी ऐकली नव्हती.

"बसवलीय कशी?" मी विचारलं.

"ते तुम्हीच सांगायचं," बाई हसल्या.

काका हसले नाहीत. मी मूठ धरली तशी ते माझ्या हाताकडे बघत राहिले.

एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली, पण मी ती वहीत लिहिली नाही. खोली गार होती, पातं गार होतं, गोळा गार होता. दांडा मात्र कोमट होता. आत्ताच कुणीतरी खाली ठेवल्यासारखा.

मूठ आतून कशी आहे ते कळल्याशिवाय प्रतिकृती करायची म्हणजे नुसतं बाहेरचं सोंग. मला ते पटत नाही. संग्रहालयाच्या मागच्या गल्लीत जनावरांचा दवाखाना होता आणि तिथे क्ष-किरणाचं यंत्र होतं. बाईंना पटवून, काकांना सोबत घेऊन, तलवार चादरीत गुंडाळून मी तिथे नेली. गल्ली ओलांडण्यापुरतंच इमारतीबाहेर, असं बाईंनी तीनदा बजावलं. डॉक्टर गमत्या माणूस. "पेशंट काही खात-पीत होता का?" म्हणाला आणि फोटो काढून दिला.

फोटो उजेडासमोर धरला आणि मला हसूच आलं. राग आला की मला हसू येतं. पात्याचं शेपूट दांड्याच्या मध्यावरच संपत होतं. तिथून गोळ्यापर्यंत रिकामी पोकळी होती. गोळा भरीव. म्हणजे गोळ्याला धरून ठेवणारं आत काहीही नव्हतं. सरस नाही, खीळ नाही, तार नाही. त्याने केव्हाच पडायला हवं होतं.

डॉक्टर फोटोवर बोट ठेवून म्हणाला, "फोटो काढताना हलवलीत का तुम्ही? बघा, पातं किती स्वच्छ आलंय. आणि ही मधली पोकळी तेवढी धूसर. हललेल्या जनावराचा फोटो असा येतो."

"रिकामी जागा कशी हलेल?" मी म्हटलं.

"तेच म्हणतो मी," तो म्हणाला आणि पुढच्या मांजराकडे वळला.

दुसऱ्या दिवशी मी मापं घ्यायला बसले होते. अकराच्या सुमाराला काका आत आले, "जरा द्या," म्हणाले आणि तलवार घेऊन दालनात गेले. दार लावून घेतलं. पंधरा मिनिटांनी परत आणून ठेवली. कपाळावर घाम. तिसऱ्या दिवशीही अकरा वाजता तेच. मी दाराच्या काचेतून पाहिलं. काका दालनाच्या मध्यभागी पाठमोरे उभे होते. मिटलेल्या उजव्या हातात तलवारीची मूठ चपखल बसली होती. ते काही करत नव्हते. नुसते धरून उभे होते.

परत आल्यावर मी विचारलं, "काका, हे काय?"

"धरावी लागते," ते म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"माझ्या आधीच्या शिपायानं. त्याला त्याच्या आधीच्यानं. रोज अकरा वाजता पाव तास. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. एकतीस वर्षांत एकदाच चुकलं. लेक तापानं फणफणली होती. एकच दिवस."

"मग काय झालं?"

त्यांनी डाव्या हाताने उजव्या मनगटाला चोळलं. "सुटायला लागलं सगळं."

"म्हणजे?"

"तुम्ही मूठ बसवता ना, बाई? मग तुम्हाला सांगायला नको. सगळं कशानं तरी, कुणीतरी धरलेलं असतं, म्हणून असतं."

मी त्यांना सरळ सांगितलं की माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. लोखंड लोखंडाला धरतं, लाकूड फुगून धरतं. बाकी सगळ्या बाता. त्यांनी मान हलवली. पटल्यासारखी नाही, कीव आल्यासारखी. तेवढ्याने माझं डोकं फिरलं. माझी कीव केलेली मला आजवर कधी खपलेली नाही.

त्या दिवशी शेडमध्ये बसून मी तीन दिवसांची मापं एकत्र मांडली. पात्याची मापं तंतोतंत जुळत होती. गोळ्याची जुळत होती. दांड्याची जुळत नव्हती. पहिल्या दिवशी सर्वांत जाड जागी चौतीस मिलिमीटर, दुसऱ्या दिवशी तेहतीसला थोडं कमी, तिसऱ्या दिवशी बत्तीस. लाकूड असं तीन दिवसांत आटत नाही. शिवाय तिसऱ्या दिवशीच्या चित्रात मी करंगळीच्या जागी एक तिरका खळगा काढला होता. पहिल्या दिवशीच्या चित्रात तो नव्हता.

माझी उजवी करंगळी वाकडी आहे. एकोणिसाव्या वर्षी हातोडीखाली आली, तेव्हापासून ती शेजारच्या बोटाला चिकटत नाही, बाहेर झुकते. चौथ्या दिवशी सकाळी जाऊन मी मूठ धरली. करंगळी त्या खळग्यात अलगद जाऊन बसली. माझ्या स्वतःच्या हातोडीच्या दांड्यातही ती इतकी सुखाने बसत नाही.

मी मूठ खाली ठेवली. हात धुतला. पुन्हा धुतला.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "काम सोडून दे. नाही म्हणून सांग बाईंना. तलवारी काय थोड्या आहेत?"

"मी का सोडू? मी काय त्या तलवारीकडे मागायला गेले होते?"

"तुझं हे असं असतं," तो म्हणाला. "सुंभ जळला तरी पीळ जात नाही."

"सुंभ अजून जळलेला नाहीये," मी म्हटलं.

खरं सांगायचं तर मी ते काम सोडलंही असतं. प्रतिकृती माझ्या पद्धतीने पूर्ण केली असती, मूळ तलवारीला लांबून नमस्कार केला असता. पण पाचव्या दिवशी काकांची लेक आली.

तिशीतली मुलगी. घड्याळं दुरुस्त करायची. बोटं अशी की त्यांच्याकडे बघत बसावं. लांब, स्थिर, टोकाला बारीक. काका निवृत्त झाले की त्यांच्या जागी ती लागणार होती, पहिल्या तारखेपासून. मी मागच्या खोलीत होते. अकरा वाजले. काकांनी तिला दालनात नेलं, दार उघडंच होतं. मला सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, मला नोकरी नको आहे हो. माझं दुकानाचं जवळजवळ ठरलंय."

"दुकान चालव की. सकाळी पाव तास तेवढा यायचं."

"किती वर्षं?"

काकांची पावलं खिडकीपर्यंत गेली आणि परत आली.

"तुमचा हात असा संधिवातानं झालाय ना?" तिने विचारलं. आवाज खाली आला होता. "बाबा, संधिवातानंच झालाय ना?"

मी दारात गेले. तिने हात पुढे केला होता. काकांनी तलवारीची मूठ तिच्याकडे वळवली होती आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"हात मागे घे," मी म्हणाले.

दोघांनी वळून पाहिलं.

"मागे घे म्हणते ना! घड्याळजीचा हात आहे तो. उद्यापासून तुला साधा स्क्रू धरता यायचा नाही."

"मग कोण धरणार?" काका पहिल्यांदाच ओरडले. "तुम्ही धरणार? तुम्हाला तर ती ओळखते!"

"कुणीही धरणार नाही. मूठ घट्ट ठेवायला माणूस लागत असेल तर ती मूठ बसवलेलीच नाही. कुणीतरी अर्धवट काम करून गेलाय आणि तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या ते हाताने धरून बसलाय. मी बसवते ती. पक्की."

बाई आवाज ऐकून धावत आल्या. मूळ वस्तूला हात लावायचा नसतो, असं त्यांचं पहिलं वाक्य.

"आणि मूळ वस्तू माणसांना हात लावते, त्याचं काय?" मी काकांच्या मिटलेल्या बोटांकडे दाखवलं.

बाईंनी त्या हाताकडे पाहिलं. वर्षानुवर्षं पाहत आल्या असतील, पण त्या दिवशी नीट पाहिलं. मग चष्मा काढून पुसला. "गोळा आपोआप सुटला," त्या सावकाश म्हणाल्या, "तर मात्र दुरुस्ती करावीच लागेल. तसा नियम आहे."

म्हणजे धरायचं थांबवायचं. काका "नको, नको" म्हणत राहिले. शेवटी लेकीने त्यांचा डावा हात धरून त्यांना घरी नेलं.

पहिला दिवस. अकरा वाजून गेले, कुणी धरली नाही. दुपारी दालनाच्या खिडकीची कडी गळून पडली. बाईंच्या चष्म्याची एक दांडी निघाली. जुनी इमारत, जुना चष्मा. मी वहीत तसंच लिहिलं.

दुसरा दिवस. एका नाटक कंपनीसाठी मी आधीच्या आठवड्यात ठोकून पक्क्या केलेल्या सात तलवारी शेडमध्ये टांगलेल्या होत्या. जाता जाता एकीला टिचकी मारली. टक. दुसरीला मारली. टक. सातही. पसरवलेली डोकी जागेवर होती, तडा नव्हता, तरी मुठी माझ्या बोटांत दुधाच्या दातासारख्या हलत होत्या. मी भट्टी पेटवली आणि सातही पुन्हा ठोकल्या. जेवून आले तोवर सैल. पुन्हा ठोकल्या.

नवरा दारात उभा राहून बघत होता. त्याचा गालावर हात. सकाळपासून दाढ हलत होती, पण त्याने मला सांगितलं नव्हतं. "कुणाशी भांडतेयस?" त्याने विचारलं.

"माहीत नाही. पण सुरुवात मी केलेली नाही."

चारच्या सुमाराला बाईंचा फोन. संग्रहालयाच्या जिन्याचा कठडा त्या टेकल्या तसा मुळापासून उपटून खाली गेला. त्या पायरीवर बसल्या म्हणून वाचल्या. "मी काकांना बोलावते. आज उशिरा का होईना, धरू दे त्यांना."

"उद्यापर्यंत थांबा," मी म्हटलं. "आज धरलीत तर उद्या त्यांची लेक धरेल."

"उद्या," त्या म्हणाल्या.

फोन ठेवला आणि मी हातोडीकडे हात नेला, तेव्हा आवाज आला. टक. मी तलवारींकडे पाहिलं. एकही हलली नव्हती. मनगट पुन्हा वळवलं. टक. तो आवाज माझ्या हातातून येत होता.

मी मनगटाला चामड्याची पट्टी करकचून बांधली. लाकडाची एक गुल्ली घेतली आणि क्ष-किरणाच्या फोटोवरून त्या पोकळीच्या मापाची तासायला घेतली. सगळ्यात चिवट लाकूड निवडलं. शेपूट गोळ्यापर्यंत लांबवायला जी जोडपट्टी लावायची, तिच्यासाठी मधून खाच काढली. कितीही हलली असली तरी ती जागा मी भरणार होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी दालनात आम्ही चौघं होतो. मी, बाई, काका आणि त्यांची लेक. तलवार पकडून ठेवायचा वाइस टेबलाला घट्ट करताना त्याचे स्क्रू दोनदा फिरून मोकळे झाले; तिसऱ्यांदा मी त्यांत तार घालून ठोकले. बाहेर ऊन होतं. खाली नाण्यांच्या दालनात शाळेची सहल आलेली होती, मुलांचा गलका वर ऐकू येत होता.

अकरा वाजले.

मी गोळ्याला हात लावला आणि तो माझ्या तळहातात आला. ओढावा लागला नाही. पिकलेल्या फळासारखा आला.

दांडा शेपटावरून सरकवून काढला. बॅटरी लावून आत पाहिलं.

मी मुठींचे दांडे आतून कधी घासत नाही. कुणीच घासत नाही. आत कुणी बघत नाही, तिथे लाकूड खरबरीत राहतं, पटाशीचे ओरखडे दिसतात. या दांड्याचं आतलं लाकूड गुळगुळीत होतं. काळपट, तुळतुळीत, माणसांच्या हातांनी जिन्याचा कठडा होतो तसं. एका बाजूला चार उथळ पन्हळी होत्या. त्यांच्या समोर एक.

मी माझी बोटं घालून पाहिली नाहीत. बघायची गरज नव्हती.

"काय आहे?" बाईंनी विचारलं.

"जागा," मी म्हणाले. "रिकामी."

शेपटाला जोडपट्टी लावली, दोन रिव्हेट मारले. दांडा परत चढवला. गुल्ली पोकळीच्या तोंडाशी ठेवली आणि लाकडी हातोडीने ठोकली. निम्मी गेली आणि थांबली.

हवा कोंडली असेल म्हणून बाजूने बारीक भोक पाडलं. हवा आली नाही. पुन्हा ठोकलं. गुल्ली एक बोट बाहेर आली.

काका मागे सरकून भिंतीला टेकले.

मी पुन्हा ठोकलं. ती पुन्हा आली. आतून तळहाताने ढकलावी तशी, घाई न करता.

"ऐक," मी म्हणाले. मला लाज वाटली नाही. "एवढी वर्षं फुकट राहिलास. आता निघ."

ठोकलं.

"त्या पोरीचा हात मिळणार नाही."

ठोकलं.

"माझाही मिळणार नाही."

गुल्ली आत गेली. शेवटच्या बोटभर अंतरात लाकूड किंचाळलं, मग शांत झालं. मी गोळा चढवला. जोडपट्टीचं टोक गोळ्यात पाडलेल्या नव्या भोकातून बाहेर आलं. गॅसची बत्ती लावली. टोक तांबडं, नारिंगी, पिवळं झालं.

खिडक्या थडथडत होत्या. छताच्या तुळईतून भुसा गळत होता. खाली मुलं गप्प झाली होती.

मी ठोकायला लागले.

मनगट प्रत्येक घावाला टक म्हणत होतं. मीही म्हणत होते. टक. टक. टक. बघू आधी कोण थकतं.

तिसाव्या घावाला टोक पसरलं. चाळिसाव्याला ते गोळ्यावर चपटं बसलं.

इमारतीतून एक आवाज गेला. मोठा नव्हता. बंद होताना जुन्या पेटीचं झाकण जसं बसतं, तसा.

मग काका ओरडले. वळून पाहिलं तर ते जमिनीवर बसले होते आणि त्यांचा उजवा हात त्यांच्या मांडीवर उघडा पडला होता. सगळी बोटं सरळ. तळहात पांढराफटक, ओलसर, वर्षानुवर्षं ऊन न लागलेला. लेक गुडघ्यावर बसून त्यांचं एकेक बोट हलवून बघत होती आणि रडत होती.

मी तलवार वाइसमधून सोडवली. कानाशी धरली. टिचकी मारली. पातं गायलं. दांडा गार होता.

तलवार ठरल्याप्रमाणे दुसऱ्या संग्रहालयाकडे गेली आणि तिथून काही तक्रार आली नाही. पेटीत आता माझी प्रतिकृती आहे. जिन्याला लोखंडी कठडा बसला. नाटक कंपनीच्या सातही तलवारी घट्ट आहेत, नवऱ्याची दाढ घट्ट आहे. "आता बोल," मी त्याला म्हटलं. तो म्हणाला, "काय बोलणार? तुझ्यापुढे भुतंसुद्धा हात टेकतात."

तीन आठवड्यांनी काकांची लेक शेडमध्ये आली. नोकरी तिने नाकारली होती. बाजारपेठेत एका दुकानात तिला घड्याळांसाठी स्वतःचं टेबल मिळालं होतं. काका आता दिवसभर पत्र्याच्या डब्यांत भाजी लावतात म्हणे, दोन्ही हातांनी माती कालवतात. हे सांगताना तिने माझा उजवा हात हातात घेतला आणि घट्ट दाबला. आभार वगैरे म्हणाली नाही. मलाही ते नको होतं.

मी तिला स्टुलावर बसवलं, चहा दिला. वाइसमध्ये नवी मूठ लावलेली होती, तिच्याकडे बघत बघत आम्ही बोलत होतो. दुकानात उजेड कसा आहे, मालक कसा आहे, जुन्या घड्याळांचे सुटे भाग मिळतात की नाही. भट्टी तयार झाली. टोक तापायला लागलं.

"सोड गं आता हात," मी हसत म्हटलं. "लोखंड थांबत नाही."

"काय?" ती म्हणाली.

मी वळून पाहिलं. ती स्टुलावर बसली होती, माझ्यापासून चार पावलांवर. तिचे दोन्ही हात कपाभोवती होते.

मी तिला काही सांगितलं नाही. उजवा हातही ओढून घेतला नाही. ओढला तर पकड आवळते की सैल होते, हे तिला कळू द्यायचं नव्हतं. डाव्या हाताने हातोडी उचलली आणि टोक गार व्हायच्या आत ठोकायला लागले. पहिले घाव वाकडे पडले. आता बरे पडतात.